रुग्णशय्येपाशी भरणारा वर्ग

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत परिचर्या महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गातर्फे करण्यात आलेले भाषण)



या सभेत महाविद्यालयाच्या वाट्याला येणारा वेळ दरवर्षी निकालाची टक्केवारी सांगण्यात संपतो. निकाल अहवालात अन्यत्र छापलेला आहे. तो आपण सवडीने पाहालच. या वर्षी मिळालेल्या संधीचा उपयोग निराळ्या कामासाठी करावा, असे आम्ही अध्यापकांनी ठरविले. बी.एस्सी. नर्सिंगची पदवी मिळविण्यासाठी विद्यार्थिनी चार वर्षे नेमके काय करते, त्यात विद्यापीठाचा वाटा किती, आपल्या रुग्णालयाचा किती आणि ज्यांच्या नाडीवर बोट ठेवून ती शिकते त्या रुग्णांचा किती, हे आपणांसमोर मांडावे असा आमचा हेतू आहे. यांपैकी शेवटच्या वाट्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही, म्हणून ती या व्यासपीठावरून व्हावी असे आम्हांस वाटते. (विद्यार्थिनी असे म्हणताना विद्यार्थीही त्यात आलेच. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात, आणि त्यांची संख्या वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.)

प्रथम विद्यापीठाविषयी. १९९८ पूर्वी महाराष्ट्रातील आरोग्यशिक्षण देणारी महाविद्यालये आपापल्या विभागातील विद्यापीठांना संलग्न असत. मुंबईचा अभ्यासक्रम एक, नागपूरचा दुसरा, परीक्षांचे वेळापत्रक तिसरेच, अशी स्थिती होती. ती बदलण्यासाठी १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार अशा अनेक विद्याशाखांची राज्यभरातील महाविद्यालये एका छत्राखाली आली. आज कोकणातील विद्यार्थिनीसमोर आणि विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थिनीसमोर एकाच दिवशी, एकाच वेळी, तीच प्रश्नपत्रिका येते. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या महाविद्यालयातून परीक्षक येतात. लहान गावातल्या पदवीला मोठ्या शहरातल्या पदवीइतकेच मोल प्राप्त झाले, हा या विद्यापीठाचा मोठा उपकार आम्ही मानतो.

परंतु एवढ्या विस्तीर्ण विद्यापीठात शिकणे म्हणजे काय, याची एक गंमतही आहे. आमच्या बहुतेक विद्यार्थिनींनी म्हसरूळ येथील विद्यापीठाची इमारत छायाचित्रातच पाहिलेली असते. विद्यापीठ त्यांना भेटते ते परीक्षेच्या प्रवेशपत्रावर, उत्तरपत्रिकेवर आणि शेवटी पदवीच्या कागदावर. मधली चार वर्षे त्यांचे विद्यापीठ म्हणजे आपल्या रुग्णालयाचे वॉर्ड. ही केवळ बोलण्याची पद्धत नव्हे. पदवीचे महाविद्यालय चालवायचे तर किमान शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय हवे, दर दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हवा आणि दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत, असे निकष भारतीय परिचर्या परिषदेने घातले. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयाला यंत्रशाळा लागते, आम्हांला आजारी माणसे लागतात. हे वाक्य कानाला कठोर वाटेल, पण ते खरे आहे, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा विषय तेथूनच सुरू होतो.

या पदवीचा इतिहास फार जुना नाही. आपल्या देशात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. त्याआधीची वाट अधिक खडतर होती. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांनी तेथील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याचे धाडस केले. घरंदाज बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, ही कल्पनाच त्या काळी समाजाला सोसवणारी नव्हती. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी प्रवेशाच्या वेळी काही पालक आम्हांला खालच्या आवाजात विचारतात, ‘मॅडम, बेडपॅनसुद्धा द्यावं लागतं का हो?’ होय, द्यावे लागते. पहिल्याच वर्षी द्यावे लागते.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन, सामाईक प्रवेश परीक्षा देऊन ही मुले येतात. २०२१ मध्ये परिषदेने अभ्यासक्रमाची पुनर्रचना केली आणि चार वर्षांची आठ सत्रे झाली. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे. पुढे आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र. मग प्रौढांची, बालकांची, मनोरुग्णांची परिचर्या, सामुदायिक आरोग्य, प्रसूतिशास्त्र. आठवे सत्र संपूर्ण आंतरवासितेचे. विषयांची यादी येथे थांबवितो. एक नियम मात्र आवर्जून सांगतो. परीक्षेला बसण्यासाठी ऐंशी टक्के उपस्थिती पुरते, पण पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागातील उपस्थिती शंभर टक्के भरावी लागते. आजारपणात चुकलेला दिवसही भरून द्यावा लागतो. पुस्तकाचे पान मागाहून वाचता येते, वॉर्डातला दिवस तसा मागाहून वाचता येत नाही, हे या नियमामागचे तत्त्व असावे.

आता वॉर्डात ती काय शिकते ते पाहू. चादर घालायला शिकते. आपण हसाल, पण पहिल्या वर्षाचे कित्येक तास यात जातात. अंथरुणातून उठू न शकणाऱ्या माणसाखालची चादर त्याला न उचलता, कुशीवर वळवून कशी बदलावी. तिला सुरकुती का राहू देऊ नये. माकडहाड, टाचा, कोपर, खांद्याची पाती या जागा रोज डोळ्यांनी का पाहाव्यात. दर दोन तासांनी कूस का बदलावी. एकाच जागी शरीराचा भार राहिला की तेथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्वचेला रक्त मिळेनासे होते, आधी लाली येते, मग कातडी सुटते आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. त्यालाच आपण बेडसोअर म्हणतो. वॉर्डातील परिचर्या चांगली आहे की नाही हे आम्हांला पाहायचे असेल, तर आम्ही प्रमाणपत्रे पाहत नाही. सर्वांत जास्त दिवस पडून असलेल्या रुग्णाची पाठ पाहतो.

या संदर्भात आम्ही विद्यार्थिनींना दरवर्षी एका सहव्यवसायिनीची गोष्ट सांगतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका अमानुष हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. या साडेएकेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्यामागून पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने या सेवेचा गौरवाने उल्लेख केला. दयामरण योग्य की अयोग्य, या वादात आम्ही वर्गात शिरत नाही असे नाही. नीतिशास्त्र हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि मुली हिरिरीने भांडतात. पण आधी त्यांना आम्ही सांगतो की साडेएकेचाळीस वर्षे म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या किती पाळ्या होतात, त्याचे गणित वहीत मांडा. ते मांडून झाले की वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही.

भाषेचा प्रश्न निराळाच. पाठ्यपुस्तके इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, केस पेपरवरील नोंदी इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीला पहिल्या सत्रात रडू फुटते ते शरीररचनेने नव्हे, त्या भाषेने. आम्ही संध्याकाळी जादा वर्ग घेतो, वरच्या वर्गातल्या मुली शब्दांच्या वह्या करून देतात, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकजणी त्यातून पार पडतात. परंतु याच्या उलट बाजूचे शिक्षण कोणतेच पुस्तक देत नाही. रुग्ण इंग्रजीत आजारी पडत नाही. तो म्हणतो, ‘अंगात कणकण आहे’, ‘जेवणावर वासना नाही’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘पायांना मुंग्या येतात’. या एकेका वाक्याचा माग काढावा लागतो. ‘अंधारी’ उभे राहिल्याबरोबर येते का? मग झोपवून आणि उभे करून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजायचा. रक्तदाबाच्या गोळीचे तर हे काम नाही ना, ते डॉक्टरांच्या नजरेस आणायचे. मुंग्या येणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याला विचारायचे, ‘काका, चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का?’ कळत नसेल, तर त्याच्या तळपायाला झालेली जखमही त्याला कळणार नाही. ‘दम लागतो’ म्हणणाऱ्या आजींना विचारायचे, रात्री झोपताना किती उशा लागतात? मागच्या महिन्यात एक लागत होती आणि आता तीन लागतात, हे उत्तर हृदयाविषयी फार काही सांगून जाते. घरच्या बोलीत मोठी झालेली मुलगी येथे इंग्रजी माध्यमातल्या मुलीच्या चार पावले पुढे असते, हे तिच्या लक्षात येते त्या दिवसापासून तिची मान ताठ होते.

आता आपणांपैकी अनेकांच्या मनातील शंकेकडे वळतो. ‘शिकाऊ मुलीला आमच्या माणसाला हात लावू देऊ नका,’ असे नातेवाईक म्हणतात. ही भीती गैर नाही. आपल्या घरचे माणूस खाटेवर असताना कोणालाही तसेच वाटेल. म्हणून व्यवस्था कशी असते ते सांगतो. सुई टोचण्याचा, नळी घालण्याचा, जखमेची मलमपट्टी करण्याचा सराव आधी कौशल्य प्रयोगशाळेतील पुतळ्यांवर होतो. तेथे अध्यापकांची खात्री पटल्यावर विद्यार्थिनी ते पाहते, मग मदतीला उभी राहते आणि त्यानंतर अध्यापक किंवा स्टाफ नर्स शेजारी असताना स्वतः करते. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी मोठ्याने म्हणून पडताळाव्या लागतात. तिच्या शेजारच्या व्यक्तीने त्या पुन्हा पडताळायच्या असतात. ती एकटी असते तेव्हा ताप मोजणे, केस विंचरणे, भरवणे, बोलणे, ऐकणे अशी कामे करते.

या ऐकण्याला कमी लेखू नये. स्टाफ नर्सच्या वाट्याला एका पाळीत बरेच रुग्ण असतात, विद्यार्थिनीच्या वाट्याला दोन-तीन. वेळ तिच्यापाशी असतो. शस्त्रक्रियेनंतर एक आजी चार दिवस नीट जेवेनात. भूक मेली आहे असे सर्वांनी धरून चालले होते. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने शेजारी बसून विचारले तेव्हा कळले, की गडबडीत कवळी घरी राहिली आणि ती आणायला सांगून मुलाला खेप घालायला लावणे आजींच्या जिवावर आले होते. संध्याकाळी कवळी आली आणि आजींनी भाकरी खाल्ली. अशी नोंद कोणत्याही तपासणी अहवालात सापडत नाही.

येथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपण आम्हांला आपले मानता, म्हणूनच बोलू शकतो. आपण धर्मादाय रुग्णालय आहोत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. ही योजना म्हणजे या राज्यातील गरिबांचा मोठा आधार आहे. मात्र आरोग्यशिक्षणाचा जगभरचा जुना रिवाज असा, की शिकायचे ते मोफत खाटेवरच्या माणसावर. पैसे देऊन खोली घेतलेल्या रुग्णाला विचारून आत जायचे आणि जनरल वॉर्डातल्या रुग्णाभोवती दहाजणांनी न विचारता उभे राहायचे. त्या माणसाला वाटते, आपल्याकडून पैसे घेत नाहीत, तेव्हा आपण नाही कसे म्हणावे? सवलतीची किंमत त्याने अशा रीतीने चुकती करावी, हे आमच्या बुद्धीला पटत नाही.

म्हणून आमच्या महाविद्यालयात आम्ही पुढील शिस्त पाळतो. विद्यार्थिनी प्रत्येक रुग्णाला, तो मोफत खाटेवर असो वा स्वतंत्र खोलीत, आपले नाव आणि कोणत्या वर्षाला आहे ते सांगते आणि त्याची परवानगी विचारते. त्याने नाही म्हटले तर ती नमस्कार करून निघते आणि त्याची सेवा स्टाफ नर्स करतात. या नकाराची नोंद केस पेपरवर होत नाही, सवलतीशी तिचा काही संबंध येत नाही, आणि हे आधीच रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले जाते. अनुभव असा आहे, की नीट विचारले तर जनरल वॉर्डात नकार फार क्वचित मिळतो. ‘शिक गं पोरी,’ असे म्हणून हात पुढे करणारी माणसे आम्ही रोज पाहतो. नकार मिळतो तो वरच्या मजल्यावरील खोल्यांतून. त्यात काही आप्त आपल्या देणगीदार कुटुंबांतलेही असतात. त्यांचा तो हक्क आहे आणि आम्ही तो मानतो. तरीही आपणांस एक विनंती करावीशी वाटते. आपण ग्रंथालयाला पुस्तके दिलीत, वसतिगृहाला खोल्या दिल्यात, प्रयोगशाळेला पुतळे दिलेत. आपल्या घरचे कोणी येथे दाखल झाले, तर आमच्या एका विद्यार्थिनीला त्यांच्या खाटेपाशी बसू द्यावे. इमारतीच्या कोनशिलेवर हे दान कोरले जाणार नाही, पण शिकण्याचा सगळा भार गरिबाच्या अंगावर पडणार नाही.

शेवटी विश्वस्त मंडळासाठी एक मुद्दा. ‘आपण मुली घडवतो आणि त्या परदेशी निघून जातात,’ असे दर सभेत ऐकू येते. जातात हे खरे. आखाती देशांत जातात, ब्रिटन-आयर्लंडला जातात. कुशल मनुष्यबळ पाठविण्यासाठी जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये करार केला, त्यामुळे आता जर्मन भाषेच्या वर्गाची चौकशीही होऊ लागली आहे. त्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. वडिलांनी जमीन गहाण ठेवून किंवा बँकेचे कर्ज काढून शिकविलेल्या मुलीने हप्ता फेडायचा कशातून? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारसी केल्या: दोनशेहून अधिक खाटा असतील तर वेतन राज्य शासनाच्या परिचारिकांइतके, शंभर ते दोनशे खाटांसाठी त्याहून दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावे, पन्नास ते शंभरांसाठी पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी नसावे, आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी वीस हजार रुपयांच्या खाली जाऊ नये. या शिफारसी आहेत, बंधन नव्हे, आणि धर्मादाय संस्थेचा खर्च कसा भागतो हे आम्ही जाणतो. परंतु पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना हा आकडा मंडळाने समोर ठेवावा, आणि रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी राहण्याच्या जागेचा रखडलेला विषय त्याच बैठकीत घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

नव्या तुकडीचे वर्ग सुरू झाले आहेत. काही आठवड्यांत पहिल्या वर्षाची मुले-मुली वॉर्डात येतील. त्यांच्या गणवेशावर नावाची पट्टी असेल आणि तीवर ‘विद्यार्थी परिचारिका’ किंवा ‘विद्यार्थी परिचारक’ असे मराठीत लिहिलेले असेल. पहिले काही दिवस त्यांचा आवाज जरा कापेल, ताप मोजायला वेळ लागेल. कोणी परवानगी न विचारता पुढे आलेच, तर जिन्याजवळच्या आमच्या खोलीत येऊन अवश्य सांगा. ती सकाळी आठपासून उघडी असते.